मुखवट्याच्या आत माणूस नसतो : योरुबा लोकांचे एगुनगुन, गेलेदे आणि इफा

लागोसकर

मध्यंतरी इथे जगभरच्या मुखवट्यांचे फोटो टाकायचा धागा निघाला होता, त्यात 'आफ्रिकन मुखवटा' एवढंच लिहून चार-पाच फोटो होते, सगळे काचेच्या पेटीतले, मागे काळा पडदा आणि वरून एक दिवा. त्यातला एक मी ओळखला, योरुबांच्या गेलेदे नावाच्या मुखवटा-नाचाचा होता. तेव्हाच ठरवलं की यावर वेगळा धागा काढायचा, कारण त्या पेटीत जे दिसतं तो फक्त लाकडाचा तुकडा आहे, बाकीचं सगळं बाहेरच राहिलंय.

आधी थोडी ओळख. योरुबा म्हणजे नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग, शिवाय शेजारच्या बेनिन आणि टोगो देशांतला काही भाग. कोट्यवधी लोक, शेकडो वर्षं शहरं वसवून राहणारे, आणि प्रत्येक शहराला आपला राजा, म्हणजे इले-इफेचा ऊनी, ओयोचा अलाफिन, इबादानचा ओलुबादान. हे राजे आजही आहेत, सत्ता नसली तरी मान आहे. इफे हे मूळगाव, जग तिथूनच सुरू झालं अशी श्रद्धा. सगळ्यात वर ओलोदुमारे, त्याचं देऊळ नाही की मूर्ती नाही. त्याच्या खाली ओरिशा म्हणजे देवता, ओगुन लोखंडाचा, शांगो विजेचा, ओशुन नदीची, ओया वादळाची, एशु चौरस्त्यावरचा, माणसांचे निरोप देवांकडे नेणारा. आणि त्यांच्या बरोबरीने घरातले गेलेले लोक.

ते येतात तेव्हा एगुनगुन होऊन येतात.

इबादानला बघितलंय मी. आधी ढोल ऐकू येतात, मग पोरं पळत येतात, मग हातात लवलवत्या छड्या घेतलेली माणसं रस्ता मोकळा करत येतात आणि त्यांच्या मागून ते. डोक्यापासून पायापर्यंत नुसतं कापड, कातडी कुठेही दिसत नाही, तोंडाच्या जागी विणलेली जाळी, हातपायही कापडातच. पट्ट्याच पट्ट्या लोंबतात, मखमल, जर, छापील सुती, हातमागाचं आसो-ओके, आणि पट्टीपट्टीला करवतीच्या दातांसारखी लाल किनार. उभं असतं तोवर कापडाचा ढीग वाटतो. मग ढोलाचा बोल बदलतो आणि ते गरकन फिरतं, सगळ्या पट्ट्या आडव्या होऊन हवेत उघडतात, आतले जुने थर क्षणभर दिसतात आणि त्याचा वारा अंगावर येतो. लोक त्या वाऱ्यासाठी पुढे सरकतात, तो आशीर्वाद असतो.

ते कापडही एका वेळी शिवून होत नाही. एगुनगुन घराण्याचं असतं, उत्सव आला की घरचे लोक नवीन कापड वर चढवतात, त्यामुळे जितकं आत जाल तितकं जुनं. आणि अगदी आत, अंगाला लागून, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हातमागाचा थर, प्रेताला गुंडाळतात तसल्या कापडाचा. ब्रुकलिनच्या म्युझियममध्ये ओग्बोमोशो गावचं एक एगुनगुन आहे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, त्यात तीनशेच्या वर कापडं निघाली, आफ्रिकेची, युरोपची, आशियाची. म्हणजे एका घराने काय काय कमावलं, कुठून काय आणलं, सगळं त्या एका अंगरख्यात आहे.

आता माझा मुद्दा. आपण समजतो मुखवटा माणसाला लपवतो. इथे उलटं आहे, लपवायला आत कोणी नाहीच. आजोबा आलेत. ते घराण्याचं गुणगान ऐकतात, भांडणं मिटवतात, पोर नसलेल्या सुनेला आशीर्वाद देतात, कोणी वाईट वागत असेल तर चारचौघात सुनावतात आणि परत जातात. योरुबात एक म्हण आहे, जग हा बाजार आहे आणि घर वर आहे. बाजारातून घरी गेलेला माणूस एखाद्या दिवशी परत बाजारात चक्कर मारायला आला, इतकं सरळ आहे ते. म्हणून तो अंगरखा म्युझियमच्या पुतळ्यावर चढवून उभा केलेला बघितला की मला खरंच त्रास होतो. जे फिरायलाच बनवलंय ते ढिम्म उभं.

बाकी गेलेदे, एपा नावाचे मोठे मुखवटे आणि इफा म्हणजे कौल लावायची पद्धत, यावर प्रतिसादांत लिहितो. विचारा काय विचारायचं ते.

अनघा_सदाशिव

वाह, फार सुंदर लिहिलंय. पण एक शंका. घरच्यांना कळतच असेल ना आत कोण आहे? चाल ओळखू येते, उंची कळते, आणि त्या दिवशी घरातला एक पुरुष गायब असतो!

लागोसकर

अनघाताई, बऱ्याचदा कळतं, बायकांनाही कळतं. बोलायचं नसतं. आवाजसुद्धा तो नसतो, घशातून काढलेला खरखरीत, चिरका आवाज असतो, माणसाचा वाटूच नये असा. आणि माझ्या मते हे ढोंग नाहीये, सगळ्यांनी मिळून सांभाळलेली मर्यादा आहे. नाव घेतलं तर शेजारचा अमका उरेल, नाव घेतलं नाही तर पूर्वज उभा राहतो, आणि गावाला त्या दिवशी पूर्वज हवा असतो.

ऑफिसात माझा एक योरुबा सहकारी आहे, रविवारी न चुकता चर्चला जाणारा. तोसुद्धा उत्सव जवळ आला की गावी कापडाचे पैसे पाठवतो. मी विचारलं तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही, आजोबांना कपडे द्यायचे यात विचारण्यासारखं काय आहे असं त्याचं म्हणणं.

रानवाटा

मस्त धागा. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बेनिन ब्राँझ बघितले होते, ते यांचेच का? म्हणजे वर तुम्ही बेनिन देशाचं नाव घेतलंय म्हणून विचारतो.

जुनी_नाणी

लागोसकर उत्तर देतीलच पण मी मधे बोलतो. बेनिन ब्राँझ हे बेनिन सिटीचे, ते शहर नायजेरियात आहे आणि राज्य एदो लोकांचं. इंग्रजांनी १८९७ साली स्वारी करून राजवाडा लुटला तेव्हा ते बाहेर गेले. बेनिन प्रजासत्ताक हा शेजारचा वेगळा देश, आधी त्याचं नाव दाहोमी होतं, १९७५ साली बदललं. एदो राजघराणं आपलं मूळ इफेशी जोडतं त्यामुळे नातं आहे, पण कला वेगळी ओळखू येते.

योरुबांचं बघायचं तर इफेचे धातूचे चेहरे बघा. १९३८ साली राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना सापडले, साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातले. इतके जिवंत चेहरे की विश्वास बसत नाही. त्याच्या आधी १९१० साली फ्रोबेनियस नावाचा जर्मन संशोधक इफेला आला होता, त्याला असलं काम स्थानिक लोकांनी केलं असेल हे पटेचना, त्याने चक्क बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीक वसाहतीची थिअरी मांडली. समोर तिथले लोक उभे, तिथलीच माती, आणि हा ग्रीक शोधतोय. मला आजही हे वाचून राग येतो.

आणि मुखवट्यांचा विषय आहे म्हणून, इफेला ओबालुफोन राजाचा म्हणून एक तांब्याचा मुखवटा आहे. जवळजवळ शुद्ध तांबं. शुद्ध तांबं ओतायला पितळेपेक्षा फार अवघड, साच्यात नीट वाहत नाही. डोळ्यांखाली बघायला चिरा ठेवल्यात, म्हणजे तो चेहऱ्यावर घालायचाच होता. बाकीचे चेहरे जमिनीतून निघाले, हा मात्र राजवाड्यातच जपलेला होता.

मंजिरी_के

सगळं छान आहे पण मला एक खटकतंय ते लिहिते. मी वाचलं की काही एगुनगुन बायकांनी बघायचेच नाहीत आणि ओरो म्हणून एक उत्सव असतो तेव्हा तर बायकांनी घरातच बसायचं. मग हे नेहमीचंच झालं की, देवाच्या नावाने बायका आत आणि पुरुष रस्त्यावर.

लागोसकर

मंजिरीताई, बरोबर वाचलंय. इबादानचं ओलोओलू नावाचं एगुनगुन बायकांनी बघायचं नाही. ओरो निघतो तेव्हा दोरीला बांधलेली लाकडाची पातळ फळी डोक्यावर गरगर फिरवतात, तिचा घुमणारा आवाज लांबून येतो आणि बायका दारं लावून घेतात. यावर इथल्या बायका स्वतः उघड बोलतात, कामावर जायचं कसं, दवाखान्यात जायचं कसं विचारतात, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. परंपरा म्हणून मी त्याचं समर्थन करणार नाही.

पण याच समाजात गेलेदे आहे आणि ते नीट सांगतो कारण मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं.

गेलेदे पश्चिमेकडच्या योरुबांचं, मूळ केतू राज्याचं, ते गाव आता बेनिन देशात आहे. युनेस्कोने २००१ साली त्याचा गौरव केला आणि २००८ साली यादीत घेतलं. ते असतं 'आमच्या आयांसाठी'. म्हाताऱ्या बायका, देवी, होऊन गेलेल्या आज्या, सगळ्या त्यात आल्या. त्यांच्याकडे एक शक्ती असते, तिने मूल होतं, पीक येतं, आणि त्या रागावल्या तर पाऊस थांबतो, साथ येते, म्हणून त्यांना खूश ठेवायचं. पीक निघाल्यावर, किंवा दुष्काळ पडला, रोगराई आली की गेलेदे करतात. रात्री बाजाराच्या मोकळ्या जागेत एफे येतो, तो रात्रभर गातो, आधी आयांची परवानगी मागतो आणि मग गावातल्या लबाड व्यापाऱ्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची गाण्यात हजेरी घेतो, आणि त्या रात्री कोणी त्याला काही बोलायचं नाही. बाजाराचीच जागा का, तर बाजार बायकांचा आहे. आजही योरुबा बाजारात गेलात तर गाळ्यागाळ्यावर बायकाच, भाव त्याच ठरवणार, आणि बाजाराची प्रमुख इयालोजा ही बाईच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुखवटे नाचतात, जोडीजोडीने. नाचणारे पुरुष, बायकांचे कपडे घातलेले, लाकडी छाती, कमरेला कापडाचे थर, पायात लोखंडी वाळे. मुखवटा तोंडावर नसतो बरं का, टोपीसारखा डोक्यावर तिरका बसतो आणि खरं तोंड खाली झिरझिरीत कापडाआड असतं. मुखवट्यावर शांत, डोळे अर्धे मिटल्यासारखा बाईचा चेहरा, गालांवर खुणा, आणि त्याच्या डोक्यावर अख्खं जग कोरलेलं, पक्षी, साप, डुक्कर खाणारा बिबट्या, सामान विकणारी बाई, शिलाई मशीन, मोटरसायकल. वर एवढा गोंधळ आणि खालचा चेहरा तसाच थंड. मला ते फार आवडतं, सगळा पसारा डोक्यावर पेलायचा आणि चेहऱ्यावर रेघ हलू द्यायची नाही.

आणि पाय! योरुबा भाषा सुरांवर चालते, वरचा, मधला, खालचा सूर, म्हणून ढोल खरोखर बोलतो, म्हणी बोलतो, नावं घेतो. ढोलकी जे वाक्य वाजवेल ते नाचणाऱ्याने पायातल्या वाळ्यांनी जसंच्या तसं म्हणायचं आणि दोघांनी एकत्र थांबायचं. थांबले की गाव ओरडतं, चुकले की तेही गावाला कळतं.

मंजिरी_के

वर्णन अप्रतिम आहे, मानलं. तरी माझं म्हणणं उरतंच. आईला देवी म्हणायचं, तिच्या शक्तीला घाबरायचं, आणि मुखवटे मात्र पुरुषांनी कोरायचे, पुरुषांनीच नाचायचे. भीतीतून दिलेला मान आहे हा. आणि अशी भीती फिरली की म्हाताऱ्या बाईला चेटकीण ठरवायला वेळ लागत नाही.

लागोसकर

भीती आहेच, नाकारत नाही, आणि चेटकीण ठरवून बायकांना त्रास होतो हे इथेही घडतं. एक मात्र सांगतो, गेलेदेच्या मंडळाची प्रमुख इयालाशे ही बाई असते, तिच्या संमतीशिवाय मुखवटे बाहेर निघत नाहीत. मुखवटे नाचत असताना समोर खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका बघा, त्यांच्यासाठी चाललंय हे त्यांना पुरेपूर माहीत असतं.

सुतारपक्षी

लाकडावर काम करतो त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. हे कोरणारे कोण? एका ओंडक्यातून काढतात का जोडकाम? आणि लाकूड किती वर्षं टिकतं त्या हवेत?

लागोसकर

एकाच ओंडक्यातून, वाकसाने आणि सुरीने. सगळ्यात मोठं काम एपा मुखवट्यांचं, ते एकिती भागात, ईशान्येकडे. खालचा भाग मडक्यासारखा, पुढेमागे ओबडधोबड चेहरा, आणि त्याच्यावर घोडेस्वार योद्धा नाहीतर पोरं घेऊन बसलेली आई, भोवती माणसांची गर्दी. काही वीस-पंचवीस किलोचे, आणि ते डोक्यावर घेऊन तरणा पोरगा मातीच्या उंचवट्यावर उडी मारतो. तोल गेला तर अपशकुन.

मोठी नावं म्हणजे इसे गावचा ओलोवे, १९३८ च्या सुमारास वारला, आणि ओसी-इलोरिनचा आरेओगुन. ओलोवेने इकेरेच्या राजवाड्यासाठी केलेलं दार १९२४ साली लंडनजवळ वेम्बलीच्या प्रदर्शनात गेलं, ब्रिटिश म्युझियमला ते हवंच होतं, राजाने विकायला नकार दिला आणि बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं. दारावर एकीकडे सिंहासनावर बसलेला राजा आणि दुसरीकडे माणसांनी डोलीत वाहून आणलेला इंग्रज अधिकारी. अलीकडचा मोठा माणूस म्हणजे लामिदी फाकेये, १९२८ ते २००९, पिढ्यान्‌पिढ्यांचं कोरक्यांचं घराणं.

टिकण्याचं म्हणाल तर वाळवी आणि दमट हवा, लाकूड जातंच. मग नवीन कोरतात आणि पूजा चालू राहते. इथे लाकडापेक्षा आशे महत्त्वाचं, म्हणजे ज्या जोरावर बोललेलं खरं होतं ती शक्ती. ती नव्या लाकडात आणता येते.

बाहियावाला

कामानिमित्त ब्राझीलमध्ये साल्वादोरला असतो, म्हणून भर घालतो. तुमच्या ओरिशा इथे आहेत! १९ व्या शतकात ओयोचं साम्राज्य कोसळलं, लढायांत पकडलेली माणसं गुलाम म्हणून इथे आणि क्युबात आली, येताना अंगावर कापडही धड नव्हतं पण गाणी आणि देव सोबत आले. इथे त्याला कांदोंब्ले म्हणतात, आणि त्यातल्या एका मोठ्या परंपरेचं नाव अजून केतूच आहे. दर वर्षी २ फेब्रुवारीला येमांजासाठी रिओ व्हेर्मेलोच्या किनाऱ्यावर हजारो लोक पांढरे कपडे घालून येतात, टोपल्यांतून फुलं, अत्तर, आरसे होड्यांनी समुद्रात नेऊन सोडतात. मी ऐकलं की नायजेरियात ती नदीची देवी आहे?

लागोसकर

हो, येमोजा ही आबेओकुताजवळच्या ओगुन नदीची. समुद्र ओलांडून गेलेल्यांनी तिला समुद्र दिला. आणि तुमच्या समोरच्या इतापारिका बेटावर एगुनगुनची पूजा अजून चालते, जमलं तर नक्की बघा. लागोसमध्ये गुलामी संपल्यावर ब्राझीलहून परत आलेल्यांची वस्तीच आहे, जुन्या घरांच्या कमानी तिकडच्या.

कोड_आणि_कांदेपोहे

इफा बद्दल लिहा ना. २५६ चा काहीतरी हिशोब आहे म्हणे, म्हणजे चक्क ८ बिट?

लागोसकर

हिशोब तोच. बाबालावो, म्हणजे इफाचा जाणकार, समोर लाकडी पाट ठेवतो, कडेला एशुचा चेहरा कोरलेला, पाटावर बारीक पिवळसर भुकटी पसरलेली. हातात तेलताडाच्या १६ बिया. डाव्या हातातल्या बिया उजव्याने एका झटक्यात उचलायच्या, मागे दोन राहिल्या तर भुकटीत एक रेघ, एक राहिली तर दोन रेघा, बाकी काही राहिलं तर ती फेरी धरायची नाही. असं आठ खुणा होईपर्यंत, चार-चारच्या दोन ओळी. अशा २५६ आकृत्या होतात, प्रत्येकीला ओदू म्हणतात आणि प्रत्येकीखाली भरपूर पदं पाठ.

पण खरी गंमत पुढे आहे. सल्ला मागायला आलेल्या माणसाने आपला प्रश्न सांगायचाच नसतो, तो नाण्याशी कुजबुजून ठेवतो. बाबालावो त्या ओदूची पदं म्हणत जातो, अमुक प्राण्याने सल्ला मागितला, ऐकलं नाही, असं झालं, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं की हे माझं आहे. म्हणजे निवड ऐकणाऱ्याची. त्या पदांमध्ये वैद्यकी, इतिहास, वागणूक सगळं साठवलेलं आहे, कागदाशिवाय, आणि शिकायला वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहावं लागतं. युनेस्कोने २००५ साली यालाही मान दिला.

कवड्यांची पद्धतही आहे, १६ कवड्या टाकून किती उताण्या पडल्या ते बघतात, ती बायकाही करतात.

जुनी_नाणी

कवड्यांवरून. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती कवडी नैसर्गिकरीत्या मिळत नाही, ती मालदीवहून जायची, युरोपियन जहाजांतून, आणि तिने माणसं विकत घेतली जायची. आपल्याकडे भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ असते ती तशाच छोट्या पांढऱ्या कवड्यांची. इकडे देवीच्या गळ्यात, तिकडे एशुच्या मूर्तीवर आणि एगुनगुनच्या तोंडावरच्या जाळीवर, सगळी हिंदी महासागराची.

अनघा_सदाशिव

जुळ्यांबद्दल काहीतरी असतं ना योरुबांमध्ये? माझ्या बहिणीला जुळी झाली, एक गेलं. म्हणून विचारते.

लागोसकर

ताई, वाईट वाटलं वाचून. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांत गणलं जातं. पहिलं येतं ते ताइवो, दुसरं केहिंदे, पण थोरलं केहिंदेला मानतात, कारण त्यानेच ताइवोला जग कसं आहे ते बघायला पुढे पाठवलं. आणि जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला असतो असं मानतात. म्हणून एक गेलं तर आई छोटी लाकडी मूर्ती करून घेते, एरे इबेजी. तिला अंघोळ घालते, खाऊ घालते, लाल भुकटी चोळते, जिवंत असलेल्याला जे देईल ते तिलाही. जुन्या मूर्तींचे नाकडोळे हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले असतात. पुढे काही घरांत मूर्तीऐवजी प्लास्टिकची बाहुली आली, किंवा उरलेल्या मुलाचा फोटो काढून एकाच कागदावर दोनदा छापायचा, शेजारी शेजारी, म्हणजे दोघं झाली.

अनघा_सदाशिव

फोटोचं वाचून थांबले. बहिणीला दाखवीन हे, ती वाचेल असं वाटतं.

रानवाटा

डिसेंबरात कामासाठी लागोसला येतोय. काय बघता येईल? आणि हे सगळं अजून चालू आहे का, तिकडे तर सगळे ख्रिश्चन नाहीतर मुसलमान झालेत म्हणे.

लागोसकर

बहुतेक लोक ख्रिश्चन नाहीतर मुसलमान आहेत, एकाच घरात दोन्हीही असतात. जुन्या धर्मावर दबाव आहे, काही ठिकाणी उत्सवांना उघड विरोध होतो. पण दुसऱ्या बाजूने इशेशे, म्हणजे मूळ परंपरा मानणारे, आता ठामपणे बोलतात, २० ऑगस्ट हा त्यांचा दिवस आणि २०२३ साली काही राज्यांनी त्याची सुट्टीही दिली.

डिसेंबरात एगुनगुन मिळेलच असं नाही, इबादानचं साधारण जून-जुलैत असतं. लागोसमध्ये ओनिकानला नॅशनल म्युझियम आणि समोरच योरुबा संस्कृतीचं जॉन रँडल सेंटर, दोन्ही बघ. ओशोग्बो मात्र सोडू नकोस. ओशुनची देवराई, ७५ हेक्टर, २००५ पासून जागतिक वारसा. सुझान वेंगर ही ऑस्ट्रियन चित्रकार तिथे येऊन ओशुनच्या लोकांतलीच झाली, स्थानिक कारागिरांबरोबर तिने ढासळलेली ठाणी उभी केली, झाडं तोडू दिली नाहीत, २००९ साली वारली. मुख्य उत्सव ऑगस्टमध्ये, कुमारिका मुलगी, आरुग्बा, डोक्यावर नैवेद्य घेऊन नदीपर्यंत चालते आणि तिला ठेच लागता कामा नये. नदी मात्र बघून वाईट वाटेल. वरच्या अंगाला सोन्यासाठी खाणकाम चालतं, पाणी मातकट झालंय, आणि भाविक तेच पाणी बाटल्यांत भरून नेतात. झाडं वाचली, पण ज्या देवीसाठी वाचवली तीच गढूळ झालीये, आणि त्यावर सरकार पुरेसं करत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

केतूला जायचं असेल तर बेनिनचा व्हिसा आधी काढ. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, देवराईत तर नाहीच. आणि वाटेत कुठे एगुनगुन समोर आलंच तर छडीवाले सांगतील तेवढं लांब उभं राहा, कापडाला हात लावू नकोस, आत कोण आहे ते विचारू नकोस. तारखा ठरल्या की मेसेज कर, ओशोग्बोला मीही येतो.